‘पोराला हार्वर्ड मिळेल का?’ याचं उत्तर टक्क्यांत का देता येत नाही

दर ऑक्टोबरात मला एक मेसेज ठरलेला असतो. यंदा तो आतेभावाचा होता. “दादा, चिरंजीवांना दहावीला ९७ टक्के, अकरावीत कॉलेजात पहिला, सॅट १५४०. एमआयटी मिळेल का? आणि हार्वर्ड? अंदाजे किती टक्के चान्स धरायचा?” एमआयटी म्हणजे कोथरूडची नव्हे, बोस्टनजवळची. सॅट म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशासाठीची १६०० गुणांची परीक्षा. मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे ‘किती टक्के’ म्हटलं की नातेवाइकांना मी आठवतो. शिवाय एका सल्लागाराने त्याला “२२ टक्के” असं सांगून त्याचे पैसेही घेतले होते. मला तो २२चा आकडा कुठून आला हे कळेना, म्हणून बसून हे लिहितोय.

आपल्याकडे उत्तर असतं, म्हणून आपण विचारतो

आपल्या डोक्यात प्रवेश म्हणजे कटऑफ. सीईटीचा पर्सेंटाइल आला, गेल्या वर्षीच्या कॅप राउंडची यादी उघडली, आपला प्रवर्ग पाहिला आणि बोट फिरवत खाली गेलं, की सीओईपी नाही पण अमुक ठिकाणी मेकॅनिकल नक्की, एवढं संध्याकाळच्या चहापर्यंत ठरतं. आयआयटी मुंबईचं कॉम्प्युटर सायन्स खुल्या वर्गाला गेली काही वर्षं सत्तराव्या रँकच्या आतच संपतं. तुमची रँक ५०० असेल तर तुमचा चान्स शून्य आणि ३० असेल तर शंभर. हे क्रूर आहे, पण स्पष्ट आहे. मधला अंधार फार थोडा.

अमेरिकेतल्या अतिनिवडक विद्यापीठांत पदवीच्या पहिल्या वर्षाला असा कटऑफ नसतोच. लपवून ठेवलाय असं नाही. त्या पद्धतीत तो बसतच नाही. तिथे बहुतेक ठिकाणी अर्जासोबत शाळेचे चार वर्षांचे गुण, सॅटसारख्या परीक्षेचा स्कोअर, जास्तीत जास्त ६५० शब्दांचा निबंध, दहापर्यंत उपक्रमांची यादी, शिक्षकांची शिफारसपत्रं असं सगळं जातं. ते माणसं वाचतात. हार्वर्डमध्ये अभ्यास, इतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व अशा खणांत १ ते ६ अशी श्रेणी लावतात, १ सर्वोत्तम. मग भागवार उपसमित्या बसतात आणि शेवटी ४० जणांची मोठी समिती मतदान करते. हे सगळं बाहेर आलं ते हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्धच्या कोर्टातल्या खटल्यामुळे. याच खटल्यात २०२३च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धत बेकायदा ठरवली. आपल्याला इथे त्या निकालापेक्षा त्यातून उघडी पडलेली कागदपत्रं जास्त कामाची.

३.६ टक्के हा आकडा नेमका कुणाचा?

२०२४ साली हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश देऊ केला गेला. म्हणजे सुमारे ३.६ टक्के. याला स्वीकारदर म्हणू. आतेभाऊ म्हणाला, “चला, म्हणजे कमीत कमी साडेतीन टक्के तर धरूया.”

इथेच गाडी रूळ सोडते. सातारा जिल्ह्याचा सरासरी पाऊस अमुक मिलिमीटर, असं कुणी सांगितलं तर त्यावरून तुम्ही छत्री घ्याल का? त्याच जिल्ह्यात महाबळेश्वर आहे, जिथे साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुका आहे, जिथे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक देव पावला म्हणतात. जिल्ह्याची सरासरी दोन्हीकडच्या माणसाला उपयोगाची नाही.

हार्वर्डच्या ३.६ टक्क्यांतही महाबळेश्वर आहे. खटल्यातल्या आकडेवारीनुसार, २०१४ ते २०१९ या सालांत पदवी घेणाऱ्या तुकड्यांसाठी अर्ज केलेल्यांत, प्रशिक्षकांनी आधीच हेरून ठेवलेल्या खेळाडूंपैकी ८६ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. आई किंवा वडील हार्वर्डचे माजी विद्यार्थी असलेल्या मुलांपैकी सुमारे ३४ टक्क्यांना; बाकीच्यांना सहाच्या आत. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्के हे खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं किंवा डीनच्या खास यादीतले होते. डीनच्या यादीत बहुधा देणगीदारांशी संबंध असलेले अर्जदार असतात.

हे सगळे बाजूला काढले की उरलेल्यांसाठी पाऊस किती उरतो, याचा विचार करा. आपला पुतण्या माणमध्ये उभा आहे. आणि माणमध्येही जरा आणखी पूर्वेला, कारण तो परदेशी अर्जदार आहे. एमआयटीचा एकूण स्वीकारदर साडेचार टक्क्यांच्या आसपास असतो, पण परदेशी अर्जदारांचा दोन टक्क्यांच्या आसपास. तिथे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देत नाहीत, तरीही हे असं. पदवीच्या वर्गात परदेशी मुलं साधारण दहा टक्केच ठेवायची असा त्यांचा शिरस्ता आहे, आणि त्या दहा टक्क्यांसाठी उरलेलं सगळं जग रांगेत आहे.

‘पण त्याचा स्कोअर तर त्यांच्या मुलांइतकाच आहे!’

आहे. हार्वर्डमध्ये प्रवेश घेतलेल्या मुलांपैकी मधल्या निम्म्यांचे सॅट स्कोअर साधारण १५०० ते १५८०च्या पट्ट्यात असतात. १५४० त्याच्या बरोबर मध्यात. यावरून आतेभावाने निष्कर्ष काढला की चान्स निम्मा-निम्मा.

ही चूक शिकलेली माणसंही करतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. मुंबईच्या रणजी संघातल्या अकरा जणांना विचारा, लहानपणी मैदानात घाम गाळला का? अकराच्या अकरा हो म्हणतील. आता रविवारी सकाळी शिवाजी पार्कवर जा, घाम गाळणारी पांढऱ्या कपड्यांतली पोरं मोजा, आणि त्यातली किती रणजी खेळतील ते सांगा. ‘निवडलेल्यांत हे असतंच’ आणि ‘हे असलं की निवड होतेच’ ही दोन वेगवेगळी वाक्यं आहेत. सॅटचा पट्टा फक्त पहिलं वाक्य सांगतो.

त्याच खटल्यातला एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. एका वर्षी हार्वर्डकडे अमेरिकेतून सुमारे २६,००० अर्ज होते. त्यात आठ हजारांहून जास्त मुलांचे शालेय गुण पैकीच्या पैकी होते, ३,४००हून जास्त जणांना सॅटच्या गणितात पूर्ण गुण होते आणि २,७००हून जास्त जणांना भाषेत. जागा दोन हजारांच्या आत. म्हणजे गणितात पूर्ण गुण मिळवणाऱ्या सगळ्यांना घ्यायचं म्हटलं असतं, तरी दीड हजार मुलं दाराबाहेर राहिली असती.

म्हणून १५४०चा अर्थ एवढाच, की अर्ज या कारणासाठी बाजूला ठेवला जाणार नाही. पत्रिका जुळली. कांदेपोहे अजून व्हायचे आहेत.

पथकाला ताशेवाला हवा असेल तर

गुणवत्तेने भरलेल्या ढिगातून ते निवडतात कसे, हे समजायला पुण्यातलं ढोल-ताशा पथक बघा. जूनमध्ये नवीन मुलामुलींची भरती असते. शंभर जण येतात, सत्तर जणांना ढोलच वाजवायचा असतो आणि त्यातले चाळीस खरंच छान वाजवतात. पण पथकप्रमुखाला यंदा ताशे कमी पडतायत, ध्वज नाचवायला दोघं हवेत, झांजा हव्यात. मग जेमतेम वाजवणारा ताशेवाला आत जातो आणि उत्तम ढोल वाजवणारा घरी. त्या घरी गेलेल्याच्या हाताला काहीच कमी नव्हतं. गेल्या वर्षी आला असता तर कदाचित पहिल्या रांगेत असता.

ही विद्यापीठं ‘सर्वोत्तम दोन हजार’ शोधत नाहीत, एक तुकडी जुळवतात. त्यात ओबो वाजवणारं कुणी लागतं, लॅटिन शिकू पाहणारं लागतं, वल्हवण्याच्या संघाला आठवा लागतो, मोंटानाच्या खेड्यातलं कुणी लागतं. हार्वर्डमध्ये तर अगदी शेवटी एक छाटणीही होते. तिला ते ‘लॉप’ म्हणतात. आधी तात्पुरते हो ठरलेले काही जण या टप्प्यात गळतात. यंदा कोणाची गरज आहे हे बाहेरच्या कुणालाही ठाऊक नसतं. त्या २२ टक्केवाल्या सल्लागारालाही नाही.

‘बरं, पण दहा ठिकाणी अर्ज केला तर कुठेतरी लागेलच ना?’

हा आक्षेप मला आवडतो, कारण त्यात गणित आहे. प्रत्येक ठिकाणी पाच टक्के चान्स धरला, तर एका ठिकाणी नकार मिळण्याची शक्यता ०.९५. दहाही ठिकाणी नकार मिळण्याची शक्यता ०.९५चा दहावा घात, म्हणजे साधारण ०.६०. म्हणजे कुठेतरी होकार मिळण्याची शक्यता ४० टक्के! आतेभावाने हे स्वतः करून पाठवलं होतं आणि मला त्याचा अभिमान वाटला.

फक्त हे गणित फाशांना लागू पडतं. एका फाशाला दुसऱ्याचं काय पडलं ते माहीत नसतं. अर्जांचं तसं नाही. सकाळी सात वाजता मंडईत पाचशेची नोट घेऊन कोथिंबिरीची जुडी घ्यायला जा. पहिली भाजीवाली म्हणेल सुट्टे नाहीत. दुसरीकडे चान्स वेगळा असेल असं वाटतं, पण तीही तेच म्हणते, कारण कारण एकच आहे: सगळ्यांची भवानी अजून व्हायचीय. दहा जणींकडे फिरलात म्हणून शक्यता दहापट वाढत नाही.

दहा विद्यापीठांत तोच निबंध जातो, त्याच शिक्षकांची तीच पत्रं, तीच उपक्रमांची यादी. ज्या कारणाने पहिलं ‘नाही’ म्हणतं, त्याच कारणाने बाकीचीही म्हणण्याचा संभव मोठा. आणि ज्या मुलात खरंच काही विलक्षण दिसतं, त्याला एकाच वेळी चार ठिकाणांहून बोलावणं येतं. दर मार्चच्या अखेरीला आपण अशाच मुलांच्या बातम्या वाचतो. अर्ज वाढवल्याने थोडा फायदा होतो, हे खरं. पण ४० टक्के नव्हे.

पैशाचा प्रश्न आधी

हे मी वर घ्यायला हवं होतं, कारण मराठी मध्यमवर्गीय घरासाठी सॅटपेक्षा हा मुद्दा जड आहे. हार्वर्डचा राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर गेला आहे. चार वर्षांचा गुणाकार तुम्हीच करा.

आर्थिक मदत मिळते, आणि काही ठिकाणी भरघोस मिळते. पण मदत मागितली की प्रवेशाचा चान्स बदलतो का, हा खरा प्रश्न. त्यावरून विद्यापीठांचे दोन प्रकार पडतात. ‘नीड-ब्लाइंड’ म्हणजे अर्ज वाचताना तुमच्या खिशाकडे बघत नाहीत. ‘नीड-अवेअर’ म्हणजे बघतात. अमेरिकन मुलांसाठी बरीच बडी विद्यापीठं पहिल्या प्रकारात मोडतात. परदेशी मुलांसाठीही खिशाकडे न बघणारी मोजकीच: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, अलीकडे ब्राउन आणि नोत्र दाम, अशी बोटांवर मोजण्याइतकी. स्टॅनफर्ड त्यात नाही. तिथे परदेशी अर्जदाराने मदत मागितली तर तो वेगळ्या, जास्त अरुंद दारात उभा राहतो.

म्हणजे एकच मुलगा, तेच गुण, तोच निबंध; पण अर्जातल्या एका चौकोनात ‘मदत हवी’ अशी खूण केली की त्याचा चान्स बदलला. कुठलाही ऑनलाइन ‘चान्स कॅल्क्युलेटर’ हे विचारत नसेल तर तो बंद करा.

खिशाचं वजन अमेरिकन मुलांच्या बाबतीतही संपत नाही. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३मध्ये दाखवून दिलं, की ‘आयव्ही लीग’ म्हणवली जाणारी हार्वर्ड-येलसारखी आठ विद्यापीठं आणि त्यांच्या तोडीची आणखी चार अशा बारा ठिकाणी, सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं प्रत्यक्ष शिकायला जाण्याची शक्यता, सॅटचे किंवा तशाच एसीटी परीक्षेचे तेवढेच गुण असलेल्या मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त होती. कारणं: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, खेळाडूंची भरती, आणि महागड्या शाळांत उपक्रम-शिफारशींना चढणारं वजन.

‘नोव्हेंबरात अर्ज केला की चान्स वाढतो म्हणे’

लवकर अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. वर सांगितलेल्या २०२४च्या तुकडीत हार्वर्डकडे ७,९२१ लवकर अर्ज होते आणि ६९२ जणांना होकार मिळाला: ८.७ टक्के. नेहमीच्या मुदतीतल्या अर्जदारांत हाच दर २.७. तिपटीहून जास्त!

पुन्हा महाबळेश्वर. खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलं या लवकरच्या ढिगात जास्त असतात. त्यांच्यामुळे दर फुगतो. तुम्ही त्या ढिगात जाऊन उभे राहिलात म्हणून तुमचं वल्हं सुरू होत नाही. काही विद्यापीठांत लवकर अर्ज म्हणजे ‘घेतलंत तर येणारच’ असं बांधून घेणं असतं. तिथे खरा फायदा संभवतो, पण मग दोन ठिकाणची आर्थिक मदत पडताळून निवडायची सोय जाते.

आपल्या मुलांचा कच्चा दुवा गुणांत नसतो

आतेभावाला मी उलट एक प्रश्न विचारला. शिफारसपत्र कोण लिहिणार? तो गप्प झाला. मुलगा ‘इंटिग्रेटेड’ला आहे. म्हणजे नावाला एका ज्युनियर कॉलेजात, दिवसभर क्लासमध्ये. कॉलेजात तो प्रॅक्टिकलला आणि परीक्षेला जातो. त्याला ओळखणारा भौतिकशास्त्राचा शिक्षक कॉलेजात नाही, आणि क्लासमधले सर दोनशे मुलांच्या बॅचला शिकवतात.

तिकडे वाचणाऱ्याला त्या पत्रात काय हवं असतं? ‘हा मुलगा हुशार, मेहनती व नम्र आहे’ हे नको. वर्गात त्याने कोणता प्रश्न विचारला, प्रयोग फसला तेव्हा काय केलं, मागच्या बाकावरच्या मुलाला कसं समजावलं, हे हवं. ज्या शिक्षकाने त्याला पाहिलंच नाही तो हे कसं लिहिणार?

उपक्रमांचंही तेच. पुतण्या सातवीपर्यंत तबला शिकला, मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या, शाळेकडून खो-खो खेळला. आठवीत क्लास लागला आणि दोन्ही सुटलं. आपल्याकडे याला शहाणपण म्हणतात. सीईटी-जेईईसाठी ते आहेही. पण तिकडचा वाचक बघतो की गेल्या तीन वर्षांत या मुलाने अभ्यासाशिवाय काही केलेलं नाही. मग काही पालक ऐन बारावीत एनजीओचं प्रमाणपत्र आणि ‘संशोधन प्रकल्प’ विकत घेतात. वर्षाला पन्नास हजार अर्ज चाळणाऱ्या कार्यालयाला हे ओळखू येणार नाही असं समजणं भाबडेपणाचं आहे.

त्यात वेळापत्रकाची ओढाताण. नेहमीच्या अर्जांची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीतच. दोन्ही घोड्यांवर बसलेला मुलगा डिसेंबरात निबंध लिहितो तो रात्री एक वाजता.

‘मग ही लॉटरीच झाली की!’

नाही. लॉटरीत तिकिटं सारखी असतात. इथे तिकिटं सारखी नाहीत, फक्त तुमच्या तिकिटाची किंमत तुम्हाला दिसत नाही. आत बसलेल्यांकडे कारणं असतात, कधीकधी चांगली, कधीकधी आपल्याला संताप येईल अशी. बाहेरून मात्र सगळं नशिबासारखं दिसतं.

मला ही पद्धत आवडते असं नाही. कटऑफमध्ये एक सन्मान आहे: तुझे गुण कमी पडले, संपलं. तिकडे नकार आला की सतरा वर्षांच्या मुलाला वाटतं, आपण माणूस म्हणूनच कमी पडलो. ताशेवाला हवा होता हे त्याला कुणी कळवत नाही.

तरीही आकडा हवाच असेल तर

सुरुवात घाऊक दराने करा, पण आपल्या गटाच्या. परदेशी असाल तर परदेशी अर्जदारांचा दर शोधा. बरीचशी विद्यापीठं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाची ठरावीक साच्यातली माहिती प्रसिद्ध करतात. त्यात किती अर्ज, किती होकार, सॅटचा पट्टा, आणि गुण, निबंध, शिफारस यांपैकी कशाला किती महत्त्व देतात, हे असतं. मग त्यात किंचित वर-खाली करा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचं पदक असेल तर बरंच वर. नुसता सॅट चांगला असेल तर जवळजवळ काहीच नाही, कारण त्या ढिगात सगळ्यांचाच चांगला आहे. आलेल्या आकड्यात टिंबानंतरचं काही लिहू नका. ‘दोन ते पाच’ हे प्रामाणिक उत्तर, ‘३.७’ हे सोंग.

न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी घरांकडे एक जादा साधन असतं. तिथल्या अनेक शाळा नॅव्हियन्ससारख्या प्रणालीत आपल्याच शाळेतून आधी कुणाला कुठे प्रवेश मिळाला याचे ठिपके दाखवतात: आडव्या अक्षावर एक गुण, उभ्यावर दुसरा, हिरवा ठिपका होकार, लाल नकार. उपयोगी आहे. पण तो एकटा हिरवा ठिपका पोहण्याच्या संघातला होता की काय, हे ठिपका सांगत नाही.

पुतण्यासाठी मी एमआयटीचा आकडा दोन ते चार लिहून दिला. आतेभाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे शंभरातल्या शहाण्णव वेळा नाही.” म्हटलं, हो, आणि त्या शहाण्णवांसाठीची यादी आधी कर. रात्री पुतण्याचाच मेसेज आला. त्याने यादी पाठवली होती: अमेरिकेतली चार, त्यातली तीन परदेशी मुलांच्या खिशाकडे न बघणारी, मग आयआयटी, सीओईपी, व्हीजेटीआय. खाली एक ओळ होती: “काका, सातवीपर्यंतचे तबल्याचे सर अजून पेठेतच राहतात. पत्र त्यांनी लिहिलं तर चालतं का?”

मुख्य पत्रं शाळा-कॉलेजच्या शिक्षकांचीच लागतात, पण काही ठिकाणी एक जादा पत्र जोडायची मुभा असते. कुठे आहे ते आम्ही उद्या एकेका विद्यापीठाच्या पानावर तपासणार आहोत.